रोजच्याच रस्त्याचा एक फोटो

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून पाऊस लागेपर्यंत यवतमाळच्या रस्त्यांवर रोज एक गंमत घडते आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. जाणार तरी कसे? ती घडते दुपारी सव्वाबाराच्या सुमारास, आणि त्या वेळी शहाणा माणूस डोक्याला दुपट्टा गुंडाळून घराच्या वाटेला लागलेला असतो. यवतमाळ साधारण २०.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. या दिवसांत माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो. मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तर एक दिवस असा असतो, की सरळ उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडातच जिरते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. त्याच्या आगेमागेही फार फरक पडत नाही. दहा मीटर उंचीची, म्हणजे तीनमजली इमारत घेतली, तरी १० मे ते २१ जून या काळात माध्यान्ही तिची सावली जेमतेम अर्धा मीटर पडते. भिंतीला पाठ लावून उभे राहिलात तरी पायाचे पंजे उन्हात!

म्हणजे ऐन उन्हाळ्यात, ऐन दुपारी, नवतपा सुरू असताना, यवतमाळात भिंत सावली देत नाही. सावली देते ती डोक्यावर पसरलेली वस्तू : छत, मांडव नाहीतर झाड.

हे वाचून पटते, पण पाहिल्यावर जास्त पटते. त्या दिवसांत सव्वाबाराला घराच्या खिडकीतून किंवा गॅलरीतून आपल्या गल्लीचा एक फोटो काढा. उन्हात बाहेर पडायची गरज नाही. फोटोत पांढराफटक रस्ता दिसेल आणि त्यावर मध्ये मध्ये काळे डाग. प्रत्येक डाग म्हणजे एक झाड. आता त्या डागांमधले अंतर बघा. क्लासहून सायकलने परतणारी मुलगी, औषधाच्या दुकानाकडे निघालेले आजोबा, भाजीचा ठेला ढकलणारा माणूस, या सगळ्यांना एका डागापासून दुसऱ्या डागापर्यंत जायचे असते. झाडाखाली हवेचे तापमान फार उतरते असे नाही. फरक बहुधा एखाद-दोन अंशांचा. पण अंगावर पडणारे थेट ऊन तुटते आणि पायाखालचे डांबर तापत नाही. पारा ४३ वर असताना उघडे डांबर ६० अंशांपलीकडे जाऊ शकते. वरून ऊन आणि खालून रस्ता असे दोन्हीकडून शरीर भाजत असते. घामाला आपले काम करायला उसंत मिळते ती त्या काळ्या डागात.

एक साधा, कोणी ‘लाइक’ करणार नाही असा फोटो इतके सांगून जातो. आपल्या मोहल्ल्याचे असे साधे फोटो आपण काढतच नाही, ही खरी अडचण आहे.

यवतमाळात सर्वांत जास्त फोटो कशाचे निघाले असतील, तर ते बहुतेक शकुंतलेचे. मूर्तिजापूरकडे जाणारी ती छोट्या रुळांची गाडी. १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेले तिचे वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावत होते. त्या इंजिनाचे, डब्यांचे, फलाटाचे फोटो काढायला लांबून हौशी मंडळी येत. आता गाडी बंद आहे, फोटो उरलेत. ते पुन्हा बघाल तेव्हा इंजिनाकडे न बघता त्याच्या मागे बघा. रुळांच्या कडेला कोणती झाडे होती, कुंपणाला काय वाढले होते, पलीकडे शेत होते की घरे. फोटो काढणाऱ्याच्या डोक्यात तेव्हा हे काही नव्हते. पण कॅमेऱ्याला आवडनिवड नसते. समोर जे असेल ते तो उचलतो.

असाच एक फोटो अमेरिकेत पुढे विज्ञानाच्या कामी आला. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लोवेल या गावच्या दफनभूमीत ३० मे १८६८ रोजी युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणासाठी लोक जमले होते. कोणीतरी त्या समारंभाचा फोटो काढला. बॉस्टन विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड प्रायमॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ १४० वर्षांनी तो पाहिला, तेव्हा त्यांचे लक्ष गेले मागच्या झाडांकडे. फांद्यांवर पाने नव्हती. २००५ साली त्याच जागेवर, त्याच तारखेला फोटो काढला, तर झाडे पानांनी भरलेली. एका जोडीवरून काही सिद्ध होत नाही, एखादे वर्षच थंड असू शकते. म्हणून त्यांनी जुने फोटो, संग्रहालयात वाळवून ठेवलेल्या फांद्या आणि तापमानाच्या नोंदी असे सगळे एकत्र मांडले. झाडे पूर्वीपेक्षा लवकर फुलू-पालवू लागल्याचे त्यातून दिसले. प्रश्न पडायला निमित्त मात्र लागते ते अशा फोटोचे.

आपल्याकडे असा खजिना नाही असे समजू नका. तो कपाटातल्या लग्नाच्या अल्बममध्ये आहे. १९७५-८० च्या आसपासच्या वरातीचा एखादा फोटो काढून बघा. नवरदेव घोड्यावर, बँडवाले पुढे, आणि मागे? मागे कडुनिंबांची रांग दिसते का, रस्ता कच्चा आहे का, नाली उघडी आहे का? आज तीच जागा शोधून तिथे उभे राहा आणि त्याच कोनातून फोटो काढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवा. तास-दोन तासांची निश्चिंती. वयस्कर माणसाच्या स्मरणशक्तीला आणि बोलण्याला असे निमित्त मिळणे, हा तर वेगळाच फायदा.

मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ साली एका सवयीवर बोट ठेवले होते. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी जे दिसले त्यालाच ‘मूळचे’ समजते आणि तिथून मोजायला सुरुवात करते. आधी काय होते ते तिच्या हिशेबात येतच नाही. ते समुद्रातल्या माशांबद्दल बोलत होते. पण आर्णी मार्गावर, दारव्हा मार्गावर किंवा धामणगाव मार्गावर किती झाडे होती, हा प्रश्न विसाव्या वर्षीच्या आणि सत्तराव्या वर्षीच्या माणसाला विचारून बघा. दोघांची उत्तरे जुळणार नाहीत आणि दोघेही खरे बोलत असतील. त्यांच्या मध्ये पुरावा ठेवता येतो तो फोटोचाच.

यवतमाळात आज ही नोंद ठेवण्याची घाई आहे. शहर चहूबाजूंनी पसरते आहे. वाघापूर, लोहारा, उमरसरा, वडगाव, पिंपळगाव ही एकेकाळची शेजारची गावे आता शहरच झाली. शेताचा लेआउट होतो, चुन्याच्या रेघा पडतात, प्लॉट विकले जातात. नकाशावर एक ‘ओपन स्पेस’ असते. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये किमान दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते, असा नियमच आहे. त्या मोकळ्या जागेचे पुढे काय होते, हे लेआउटमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते आणि नोंद कोणाकडेच नसते. आधी तिथे बांधकामाचा मलबा पडतो. पहिल्या पावसात गाजरगवत येते. मग कोणाची तरी गाडी कायमची उभी राहते. मग टिनाचे शेड.

त्या जागेचा महिन्यातून एक फोटो काढा. एकाच ठिकाणी उभे राहून, एकाच बाजूला तोंड करून. वर्षभरात बारा फोटो होतात. आरोग्याच्या दृष्टीने ते किती बोलतात ते बघा.

जुलैच्या फोटोत तरोटा गुडघाभर वाढलेला असेल. त्याबद्दल भीती नको. त्याची कोवळी भाजी आपण खातो आणि छोटी पिवळी फुलपाखरे त्याच्यावर अंडी घालतात. गाजरगवताचे मात्र तसे नाही. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदले गेलेले हे परदेशी तण आज गावागावांत आहे. त्याचा स्पर्श होऊन कित्येकांच्या हाता-मानेला खाज सुटते, कातडी जाड आणि काळी पडते. परागकणांनी शिंका येतात, दमा बळावतो. दरवर्षी ठरावीक महिन्यात डोळे चोळणारा माणूस हवा बदलली म्हणतो. त्याच्या घराशेजारच्या प्लॉटवर पांढरी फुले कोणत्या तारखेला दिसली, हा फोटो डॉक्टरांना दाखवला तर चौकशी नेमक्या दिशेने जाऊ शकते. उपटायचे तर फूल येण्याआधी, हातमोजे घालून.

ऑगस्टच्या फोटोत पाणी दिसेल. टायर, फुटका माठ, चहाचे कप, नारळाची करवंटी. आणि आपल्या भागाची खासियत म्हणजे कूलर. उन्हाळा संपला की कूलर घरामागे, गच्चीवर किंवा गल्लीत सरकवून ठेवतात आणि त्याच्या टाकीत पावसाचे पाणी साचते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा असतो. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन् महिने तग धरतात. भांडे आतून घासावे लागते. हा डास फार लांब उडत नाही. एक-दोन गल्ल्यांचाच त्याचा कारभार. त्यामुळे तुमच्या घरातल्या तापाचे मूळ शेजारच्याच गच्चीवर असण्याची शक्यता मोठी. निळोणा आणि चापडोह धरणे आटून २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळकरांनी टँकरसाठी ज्या रांगा लावल्या, त्या विसरायच्या नाहीत. तेव्हापासून घरोघरी ड्रम आणि टाक्या वाढल्या. पाणी साठवणे ही आपली गरज आहे. म्हणूनच झाकण लावलेले आहे की नाही, याचा शनिवारचा एक फोटो घरातल्या मुलाकडे सोपवावा. मुले हे काम मोठ्यांपेक्षा काटेकोर करतात.

गल्लीच्या तब्येतीचे हे झाले. फोटो काढणाऱ्याच्या तब्येतीचे काय?

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या ओकानागन परिसरात हॉली-ॲन पासमोर आणि मार्क होल्डर यांनी ३९५ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाला सांगितले, दोन आठवडे रोजच्या जाण्यायेण्यात निसर्गातल्या ज्या गोष्टीने मनात काही हलले तिचा फोटो काढा आणि काय वाटले ते दोन ओळींत लिहा. दुसऱ्याने हेच माणसाने बनवलेल्या वस्तूंबद्दल करायचे होते. तिसऱ्याने काहीच वेगळे करायचे नव्हते. जास्त फिरा, बागेत जा, असे कोणालाच सांगितले नव्हते. तरीही पहिल्या गटाची मनःस्थिती दोन आठवड्यांनी इतरांपेक्षा चांगली होती आणि आसपासच्या माणसांबद्दलची जवळीकही वाढली होती. रस्त्याकडेचे झाड, खिडकीतला पक्षी, एवढेच त्यांच्या फोटोंत होते. जंगल लागले नाही. टिपेश्वरला जाणे उत्तमच, पण ते वर्षातून एकदा. दत्त चौकातून जाणे रोजचे.

दुसरा प्रयोग सॅन फ्रान्सिस्कोचा, २०२० चा. व्हर्जिनिया स्टर्म यांनी साठीपलीकडच्या ५२ जणांना आठ आठवडे, आठवड्यातून किमान एकदा पंधरा मिनिटे चालायला सांगितले. निम्म्या लोकांना एवढेच जास्तीचे सांगितले, की चालताना काहीतरी नवल वाटेल असे शोधा, लहान मुलासारखे बघा. सगळ्यांनी प्रत्येक वेळी स्वतःचे सेल्फी काढायचे होते. नवल शोधणाऱ्यांच्या सेल्फींत हळूहळू एक बदल दिसला. चौकटीत त्यांचा स्वतःचा चेहरा लहान होत गेला, मागचे आकाश आणि झाडे जास्त जागा घेऊ लागली, आणि हसू रुंद झाले. कोणी तसे करायला सांगितले नव्हते. मला हा निष्कर्ष आकडेवारीपेक्षाही त्या फोटोंसाठी आवडतो. सेल्फीला नावे ठेवणाऱ्यांनी तो जरूर लक्षात ठेवावा.

पण फोटो काढला की मन रमते, इतके ते सरळ नाही. लिंडा हेंकेल यांनी २०१४ मध्ये दाखवले, की संग्रहालयातल्या वस्तूंचे नुसते फोटो काढत गेलेल्या लोकांना त्या वस्तू कमी आठवल्या. कॅमेऱ्याने लक्षात ठेवले आहे म्हटल्यावर मेंदू अंग काढून घेतो. मात्र ज्यांनी वस्तूचा एखादा भाग जवळ घेऊन टिपला, त्यांची आठवण टिकली. म्हणजे पिंपळाचा फोटो काढताना आधी दोन मिनिटे पिंपळाकडे बघावे. कोणत्या फांदीला तांबूस पालवी आहे, ढोलीत कोणी आहे का, तांबटाचा ठक-ठक आवाज कुठून येतो, हे झाले की फोन बाहेर काढावा. आणखी एका संशोधनात, २०१८ च्या, असे आढळले की समाजमाध्यमांवर टाकण्यासाठी म्हणून फोटो काढला तर त्या क्षणाचा आनंद घटतो. लोक काय म्हणतील हा विचार आधीच शिरतो. स्टेटसला काय टाकायचे ते टाका, पण हे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये राहू द्या.

मन सतत उदास असेल, झोप-भूक उडाली असेल आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ असेच चालले असेल, तर हा उपाय नव्हे, हेही स्पष्ट सांगायला हवे. तिथे डॉक्टरच हवा. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

फोटो कोण काढतो यावर त्यात काय दिसणार हे ठरते, आणि सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात या गोष्टीचा पद्धतशीर उपयोग झाला आहे. चीनच्या युनान प्रांतात १९९० च्या दशकात कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी ६२ ग्रामीण बायकांच्या हाती कॅमेरे दिले. त्यांतल्या कित्येकींनी कॅमेरा कधी धरला नव्हता. तुमच्या रोजच्या जगण्याचे फोटो काढा आणि त्याबद्दल बोला, एवढीच सूचना. शेतात राबणाऱ्या आयांच्या लहान मुलांना सांभाळायला कोणी नाही, ही गोष्ट त्या फोटोंतून अधिकाऱ्यांसमोर आली. कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्या जिल्ह्यातल्या धुऱ्यावर झोपवलेली लेकरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. या पद्धतीला ‘फोटोव्हॉइस’ असे नाव पडले आणि १९९७ पासून ती जगभर वापरली जाते.

हीच पद्धत एका वॉर्डात करून बघता येईल. पाच जणांना सांगायचे, की घरापासून बाजारापर्यंतच्या वाटेवर तुम्हाला जिथे बरे वाटते आणि जिथे नको वाटते अशा जागांचे पाच-पाच फोटो काढा. गुडघे दुखणाऱ्या आजीच्या फोटोत बसायला ओटा नसलेला लांबलचक रस्ता येईल, नालीवरची फुटलेली फरशी येईल. नववीतल्या मुलीच्या फोटोत बंद पथदिवा आणि पानठेल्यासमोरचा कोपरा येईल. ठेलेवाल्याच्या फोटोत त्याला दुपारी आसरा देणारे करंजाचे झाड. चारचाकीतून जाणाऱ्याच्या फोटोत बहुधा फक्त खड्डे येतील! प्रत्येकाचे शहर वेगळे, आणि बागेची जागा ठरवताना या सगळ्यांचे फोटो टेबलावर असायला हवेत.

बागच हवी असेही नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात ५४१ पडीक प्लॉट चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन भागांत वाटले गेले. काही प्लॉटवरचा कचरा काढून गवत आणि थोडी झाडे लावली, भोवती बुटके लाकडी कुंपण घातले. काहींवरचा फक्त कचरा उचलला. बाकीचे तसेच ठेवले. २०१८ मध्ये निष्कर्ष आले : हिरवे केलेल्या प्लॉटजवळच्या रहिवाशांत उदास वाटत असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण, तसेच ठेवलेल्या प्लॉटच्या तुलनेत, ४१.५ टक्क्यांनी घटले. नुसता कचरा उचललेल्या ठिकाणी तितका फरक दिसला नाही. आपल्या ओपन स्पेसला कारंजे आणि रंगीत पेव्हर ब्लॉक लागतात, ही समजूत यातून थोडी सैल व्हावी. वाढू दिलेली चार करंजे आणि दोन कडुनिंब पुरतात.

कोणती झाडे, हाही प्रश्न फोटोच सोडवतात. एकाच झाडाचा दर आठवड्याला फोटो काढला तर त्याचे वर्ष समजते. ‘सीझनवॉच’ या उपक्रमात देशभरचे लोक २०१० पासून असेच एकेक झाड दत्तक घेतल्यासारखे बघत आहेत आणि पाने, फुले, फळे यांची साप्ताहिक नोंद करत आहेत. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये गावाबाहेर पळस पेटतो, मार्च-एप्रिलमध्ये पिंपळ आणि कडुनिंब नवी पाने घेतात, मग बहावा, मग गुलमोहर. मेच्या फोटोत करंज दाट हिरवे असते आणि त्याच फोटोत साग उघडाबोडका. गुलमोहर दिसतो देखणा, पण फुलोऱ्यात असताना सावली विरळ. दुभाजकावरच्या शोभेच्या पामने तर सव्वाबाराला स्वतःचे बूडही झाकले जात नाही. रोपे निवडणाऱ्यांनी जूनमध्ये नर्सरीत जाण्याआधी मेचे फोटो बघावेत.

शहरातल्या झाडांसाठी आपल्याकडे १९७५ पासून कायदा आहे आणि तो नगर परिषदांच्या हद्दीतही लागू आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज’ वृक्षांचा दर्जा दिला. दर पाच वर्षांनी झाडांची गणनाही व्हायला हवी. गणना होईल तेव्हा होईल. आपल्या गल्लीतल्या मोठ्या झाडाचा बुंधा जमिनीपासून साडेचार फुटांवर शिंप्याच्या टेपने मोजायचा, टेपवरचा आकडा दिसेल असा एक फोटो आणि पूर्ण झाडाचा एक फोटो घ्यायचा, एवढे तर कोणालाही जमते. रस्ता रुंद करण्याच्या वेळी ‘तिथे मोठे झाड नव्हतेच’ असे कोणी म्हणाले, तर तारखेसह उत्तर खिशात असते.

फोटो तुलनेला उपयोगी पडावे म्हणून थोडी शिस्त लागते. पाचपेक्षा जास्त जागा निवडू नका. उत्साह तिसऱ्या महिन्यात संपतो. उभे राहायची जागा पक्की हवी : विजेचा खांब, हापशी, दुकानाची पायरी. फोन आडवा धरा, झूम करू नका, फिल्टर बंद ठेवा. हल्लीचे फोन गवत आपोआप जास्त हिरवे करून दाखवतात, त्यामुळे रंगावर फार भिस्त ठेवू नका. झाडाचा घेर, पानांची दाटी, पाण्याचे डबके, सावलीची लांबी या गोष्टी विश्वासाच्या. फोनमध्ये तारीख आणि ठिकाण आपोआप साठते. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या प्रतीत ते बहुधा गळून पडते, म्हणून मूळ फोटो जपा.

वेळ सकाळची सातच्या आतबाहेरची घ्या. उन्हाळ्यात त्याहून आधी. सव्वाबाराचा फोटो वर्षातून एक-दोनदाच आणि तोही घरातूनच. हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांनी त्यासाठी गच्चीवरही जाऊ नये. चालताना स्क्रीनकडे बघायचे नाही : थांबा, बाजूला व्हा, मग फोन काढा. वाहनांपेक्षा अर्धवट झाकलेल्या नालीचे भय मोठे आहे.

आणि माणसे. नळावरच्या बायका, रस्त्यावर खेळणारी मुले, ओट्यावर पहुडलेला मजूर हे तुमच्या नोंदवहीचे साहित्य नाहीत. चेहरा येणार असेल तर विचारावे, नाही म्हटले तर फोन खाली. कोणाच्या अंगणातला कूलर दिसला तर फोटो काढून ग्रुपवर टाकण्याआधी दार वाजवून ‘काकू, टाकीत पाणी साचलंय’ एवढे सांगावे. बहुतेक वेळा काकू तिथल्या तिथे कूलर उपडा करतात आणि फोटोची गरजच उरत नाही.